मोठ्या बाईंची दुसरी सहामाही

जगात असं एकही काम नाही जे शाळेतल्या मुलींच्या हातून होत नाही, अशी आमच्या मोठ्या बाईंची पक्की समजूत होती. आणि त्या कामांच्या यादीत अभ्यास सगळ्यात शेवटी येतो, असं त्यांच्या शाळेत पाऊल ठेवल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं. गोंदियातली मुलींची मराठी शाळा, सातवीपर्यंतची. स्वातंत्र्याला फार वर्षं झाली नव्हती. आमचा जिल्हा तेव्हा भंडारा, प्रांत मध्यप्रदेश आणि राजधानी नागपूर. मी त्या राजधानीहून, बाविसाव्या वर्षी, ट्रंकेत गणिताची चार पुस्तकं घालून नोकरीला आलेली. दिवाळीची सुटी नुकतीच संपली होती. मोठ्या बाईंनी माझ्याकडे खालून वर पाहिलं. खालूनच पाहणं भाग होतं, कारण नावाच्या मोठ्या असल्या तरी उंचीनं त्या माझ्या खांद्याला लागत. “नागपूरवाली का? बरं झालं. पोहता येते का तुले?” हा त्यांचा मला पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. पुढं सगळी सहामाही त्या मला नागपूरवाली याच नावानं हाक मारत राहिल्या.

बाई म्हणजे पांढरं नऊवारी लुगडं, पायांत पुरुषी वहाणा आणि गळ्यात शिट्टी. बोलण्यापेक्षा शिट्टी त्यांना सोयीची वाटे. एकदा वाजली की मुलींनी जमायचं, दोनदा वाजली की पांगायचं आणि तीनदा वाजली की मी, जिथं असेन तिथून, धावत यायचं. खांद्याला एक खाकी पिशवी असे. तिच्यात सुईदोरा, गूळ, लिंबं, हातोडी, सुतळी आणि एक करवत. करवत कशाला म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, “काऊन, लागत नाही का करवत?” शाळेचं वेळापत्रक ऑफिसात काचेच्या चौकटीत टांगलेलं होतं, पण त्याचा शाळेशी काही संबंध नव्हता. गणिताच्या तासाला मी फळ्यावर दशांश चिन्ह देते न देते तोच शिट्टी होई आणि सातवीच्या मुली पताका चिकटवायला, नाहीतर लेझीम खेळायला, नाहीतर शेणानं मैदान सारवायला पसार होत.

त्या सहामाहीत बाईंनी काय काय मांडलं होतं! सव्वीस जानेवारीची कवायत, तिच्या आधी हस्तकलेचं प्रदर्शन, मग नाटक, नाटकानंतर आनंदमेळावा, आणि शेवटी नवेगावबांधच्या तलावावर सहल. या सगळ्याला वर्गणी लागे, आणि वर्गणी जमवण्याची बाईंची रीत कुठल्याही पुस्तकात नव्हती. धानाची मळणी चालली होती, तर मुलींना घेऊन त्या आसपासच्या गावांतल्या खळ्यांवर जात. गोल उभं राहून मुली गाणं म्हणत. शेतकरी सूपभर धान देईपर्यंत गाणं थांबत नसे, आणि त्या गाण्याला बाईंनी मुद्दाम सव्वीस कडवी करून घेतली होती. सातव्या-आठव्या कडव्याला माणूस शरण येई. एक म्हातारा मात्र सगळी सव्वीस ऐकून, टाळ्या वाजवून, “आता दुसरं मना,” म्हणाला. त्या दिवशी बाई पहिल्यांदा हरल्या. त्यानं नंतर दोन सुपं दिली, तरी त्यांचं समाधान झालं नाही.

शेठजींच्या कापडदुकानातला प्रसंग तर मी डोळ्यांनी पाहिला. नाटकाला पडदा हवा होता. बाई तीस मुली घेऊन भर बाजारच्या दिवशी दुकानात शिरल्या आणि शुभ्र गादीवर मुलींना ओळीनं बसवलं. गिऱ्हाइकांना पाय ठेवायला जागा उरली नाही. शेठजी हात जोडून म्हणाले, “बाईजी, आज कौनसा विषय है?” बाई आपल्या हिंदीत म्हणाल्या, “आज भूगोल है शेठजी. कपडा कहाँ कहाँ से आता है, पोरींको समजाके सांगो.” शेठजींनी समजावून सांगितलं. मुलींनी प्रश्न विचारले, बाईंनी ते आधीच पाठ करून घेतले होते. तासाभरानं शेठजी घामाघूम होऊन म्हणाले, “और कितना भूगोल बाकी है?” बाईंनी वर फळीवरच्या निळ्या कापडाकडे नुसतं पाहिलं. तो अख्खा तागा शेठजींनी स्वतःच्या हातानं काढून दिला आणि वर प्रत्येक मुलीला एकेक पेढा दिला, बहुधा सुटकेच्या आनंदात.

मला हा सगळा पोरखेळ वाटे. एक दिवस न राहवून मी ऑफिसात गेले. “बाई, दशांश अपूर्णांक राहिलेत, क्षेत्रफळ राहिलंय. सातवीच्या मुली परीक्षेत काय लिहिणार?”

बाई नाटकातल्या राणीच्या मुकुटाला चमकी चिकटवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अव, दशांश काही पळून नाही जात. पोट्टी पळून जाते.”

या वाक्याचा अर्थ मला लगेच कळला नाही. थोड्या दिवसांनी कळला, तो शाळाखात्याचे डेप्युटी साहेब तपासणीला आले तेव्हा. सातवीत अकरा मुली होत्या. साहेबांनी वर्गाकडे पाहिलं, रजिस्टराकडे पाहिलं आणि सांगितलं, की वार्षिक परीक्षेला दहाहून कमी मुली बसल्या तर पुढच्या वर्षी सातवीचा वर्ग बंद. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी मुलांच्या शाळेत जावं. मुलांच्या शाळेत म्हणजे कुठंच नाही, हे साहेबांनाही ठाऊक होतं. साहेब गेल्यावर मी ऑफिसातला एक जुना कागद नीट वाचला. त्यावर सातवीच्या अकराही मुलींची नावं होती आणि प्रत्येकीपुढं एक काम. राणी. ढोल. पडदा ओढणे. प्रदर्शनाची किल्ली. त्याच आठवड्यात राणीचे वडील आले. पोरीचं लग्न जुळत होतं, तिला घरी न्यायचं होतं. बाई म्हणाल्या, “नेजा ना. तुमची पोरगी हाय. पण राणीचं लुगडं तिच्या मापाचं हाय. दुसरी राणी मी कोठून आणू?” वडिलांनी डोकं खाजवलं. “कवापर्यंत हाय मनते हे राणीपण?” “जानेवारी सरेपर्यंत.” ते गेले. जानेवारी संपायच्या आत राणीकडे आनंदमेळाव्यातल्या भज्यांचं काम आलेलं असणार, हे मला आता दिसत होतं. अशा रीतीनं बाई दर वर्षी एकेका मुलीला एका कामातून दुसऱ्या कामात ढकलत परीक्षेपर्यंत आणून सोडत. त्या दिवसापासून मी तक्रार करणं सोडलं. शिट्टी झाली की मीही चमकी चिकटवायला बसू लागले.

पण डिसेंबरात एक मुलगी गेलीच. तिचे वडील रेल्वेत कारकून. त्यांची डोंगरगडला बदली झाली. बाई त्यांच्या क्वार्टरवर जाऊन भांडल्या, “बदली तुमची झाली, पोरीची कोठं झाली?” ते बिचारे हसले, पण मुलीला घेऊन गेले. उरल्या दहा. बाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. शिट्टीसुद्धा वाजवली नाही. मुली घाबरून अभ्यास करायला लागल्या.

आणि मग सहलीची सकाळ आली. छोट्या लाइनच्या गाडीनं जायचं होतं. तीस मुली, दोन मोठी पातेली, तांदळाचं पोतं, आणि मोजणीसाठी मी मागून घेतलेला एक लांब दोर. बाईंनी मुलींना जमवायला जोरात शिट्टी मारली आणि इंजिनाच्या ड्रायव्हरला वाटलं, गार्डचीच शिट्टी. गाडी हलली. गार्ड हिरवी झेंडी काखेत धरून ओरडत धावत आला, “बाईजी, सीटी बजाना मेरा काम है!” बाई म्हणाल्या, “तो वक्तपर बजाओ ना!” गाडी थांबली, मुली हसून हसून लोळल्या, आणि त्या गोंधळात एक शेतकरी आमच्या डब्यासमोर येऊन उभा राहिला. डोक्याला मुंडासं, हातात काठी. आमच्या यमुनेचे वडील. यमुना मावशीकडे राहून सातवीत शिकत होती आणि वर्गात सगळ्यांत हुशार होती.

“बाई, पोरीले नेऊन राहिलो,” ते म्हणाले. “उद्या पाहुणे येऊन राहिले तिले पाहाले. आता शाळा पुरे.”

यमुना खिडकीशी बसली होती. तिनं आपली पिशवी उचलली. मी मनात मोजलं. नऊ.

बाईंनी त्या माणसाकडे एकदा पाहिलं, पातेल्यांकडे एकदा पाहिलं. “पाहुणे उद्या हायत ना? आज तर नाही? आज तीस पोरींचा सैपाक यमुनेकडे हाय. तिले नेता तर पोरी उपाशी मरतीन. तुमीच चला आमच्यासंगं. संध्याकाळी बापलेक मिळून घरी जाजा. धरा हे पातेलं.” आणि त्यांनी खरोखरच पातेलं त्यांच्या हातांत दिलं. माणसाच्या हातांत एकदा पातेलं आलं की तो नकार देऊ शकत नाही. यमुनेचे वडील डब्यात चढले तेव्हा गार्डनं स्वतःची शिट्टी वाजवली.

नवेगावचा तलाव मी पहिल्यांदा पाहत होते. थंडीतलं स्वच्छ पाणी, लांबवर पाखरांचे थवे, आणि डोंगरांच्या मधून बांधलेली ती जुनी पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध. बाईंचं माहेर तिथून जवळच, तलाव बांधणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरातलं. ही पाळ आपल्या पणज्यानं बांधली असं त्यांनी पाळीवर चढताना मुलींना सांगितलं. जेवताना तो खापरपणजा झाला. परत निघेपर्यंत ते सगळं घराणं झालं होतं. यमुनेच्या वडिलांना मात्र त्यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही. ते पाळीची माती चिमटीत घेऊन पाहत होते, पाट कुठून निघतो ते पाहत होते, “बाप्पा, किती पाणी हे!” असं स्वतःशीच म्हणत होते. आम्हां सगळ्यांत सहल खरी झाली ती त्यांची.

जेवणं झाल्यावर मी दोर काढला आणि सातवीच्या मुलींना पाळीखालच्या एका रिकाम्या बांधीचं क्षेत्रफळ काढायला लावलं. बांधी म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा. दोन मुलींनी दोर धरला, यमुनेनं वहीत आकडे मांडले आणि उत्तर सांगितलं. वडील मागं उभे होते.

“हे कोनं सांगतलं तुले?”

“कोनी नाही. मी काढलं, बाबा.”

त्यांनी दोर हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, “आपल्या नाल्याजवळच्या बांधीचं सांगशीन का?”

“तिची लांबी-रुंदी सांगा ना.”

त्यांनी कदमांत, म्हणजे पावलांत, सांगितली. नाल्याकडची बाजू तिरपी होती. तर तिनं काठीनं मातीत आकृती काढून घेतली, तिचे दोन तुकडे केले, आणि वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब करून उत्तर दिलं. दशांश चिन्हासकट. मी जन्मात इतकं सुंदर दशांश चिन्ह पाहिलं नव्हतं. वडिलांनी त्या आकड्याकडे पाहिलं. त्यांना तो वाचता येत नव्हता. तिनं वाचून दाखवला, मग परत एकदा वाचून दाखवला.

परतीच्या गाडीत ते बाईंच्या समोर बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “परीक्षा कवा हाय मनते?”

“एप्रिलात.”

“लगन वैशाखात करतो मंग.”

बाईंनी पिशवीतून गुळाचा खडा काढून त्यांच्या हातावर ठेवला, आणि तोंड खिडकीकडे वळवून बसल्या.

परीक्षेला दहा मुली बसल्या. डेप्युटी साहेबांनी दोनदा मोजल्या. दहाही पास झाल्या, यमुना पहिली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, मी निरोप घ्यायला शाळेत गेले. शाळा रिकामी होती. बाई सातवीच्या वर्गात मुलींच्या सतरंजीवर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांना मी असं काम नसलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हातारी दिसत होत्या.

“वर्ग वाचला, बाई,” मी म्हटलं.

“वाचला.” मग बोटांवर मोजत म्हणाल्या, “दहांतल्या सहा जणींचं यंदा लगन हाय. साऱ्या लग्नांले जाईन. जेवीन पोटभर.” थोडं थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांनी मला नागपूरवाली म्हटलं नाही, माझ्या नावानं हाक मारली. “तू तरी येशील ना व जुलैत वापस?”

“येईन ना, बाई. न यायला काय झालं?”

मी अगदी मनापासून सांगितलं होतं. पण मे महिन्यात माझंही लग्न ठरलं, मुलगा जबलपूरचा. जुलैत मी गेले नाही. राजीनाम्याचं पत्र मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. पाचवं पोस्टात टाकलं. आठ दिवसांनी बाईंचं कार्ड आलं. नवीन बाई आली आहे, बरी आहे, गणित बरं शिकवते, तू सुखी राहा, एवढंच त्यात होतं. कुठं रागाचा एक शब्द नव्हता. मी ते कार्ड उलटंपालटं करून पुष्कळदा पाहिलं, की कुठं तरी, एखाद्या कोपऱ्यात, त्या मला रागावल्या असतील.