चपळ पायांचा वीर आणि आमचे कार्यसम्राट

आज सकाळी अंबरनाथ पश्चिमेच्या एका वाचनालयातल्या कार्यक्रमात प्राचीन ग्रीक महाकाव्याचा माझा अनुवाद वाचून दाखवत होते. त्यात वीराचं नाव आलं की "चपळ पायांचा" हे बिरुद येतंच, तो बसून रडत असला तरी. तेव्हा हे काव्य तोंडी गायलं जायचं, आणि गाणाऱ्याला वृत्तात ओळ जुळवायला ते लागायचं.

दुसऱ्याच पानाला आयोजक काका कानाशी आले. "मॅडम, तेच तेच रिपीट होतंय. लोक बोअर होतायत, आवरा आता."

आवरलं. नगरसेवक आले होते ना!

मग काकांनीच माईक घेतला. "आपले लाडके, कार्यसम्राट, विकासपुरुष..." दर वाक्याला, नावाआधी, एकही बिरुद न गाळता. आणि दरवेळी टाळ्या! बोअर कोणीच झालं नाही.

माझा वीर निदान खरोखर धावायचा हो. तुमच्या वॉर्डातला विकासपुरुष काय करतो?