आजोबांच्या धाग्यातली आजी

प्रयोगशाळेत तिला सगळे स्लाइडबाई म्हणत. नाकतोड्याच्या पेशी काचेवर दाबायच्या, रंगवायच्या, विद्यार्थ्यांपुढे ठेवायच्या, हे तिचं काम. त्या पेशींत आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र एकमेकांना बिलगतं, दोन्हींचे धागे तुटतात आणि याचं टोक त्याला जोडलं जातं. अदलाबदल झाली तिथे फुली दिसते. "कुठे तुटेल ते आधी सांगता येत नाही," असं ती पोरांना दटावून सांगे. स्वतःला सांगायचं तेवढं राहून गेलं.

घराण्यात एक आजार होता. पन्नाशीतच आजीची बोटं आपोआप हलायला लागली. लोकर नाही, सुया नाहीत, तरी बाई आपली विणतेय. मग बाबांची. स्लाइडबाईच्या तरुणपणी थेट तपासणी नव्हती. डॉक्टर गुणसूत्रावरच्या बिघडलेल्या जागेच्या शेजारची खूण बघत; म्हणजे शेजाऱ्यावरून घरमालक ओळखायचा! धाकट्या भावाकडे आजीची खूण निघाली, तिच्याकडे आजोबांची. आजोबा शेवटपर्यंत ठणठणीत होते. ती सुटली. पुढे भावाची बोटं विणू लागली, तेव्हा तिने त्याला घरी आणलं. घास तीच भरवायची.

"ताई, माझ्या वाटचे आजोबा तूच ढापलेस," तो चिडवायचा.

"गप जेव."

एका दुपारी रंगाचा थेंब काचेबाहेर पडला. मग दुसरा. तिने हात टेबलावर ठेवला आणि बघत राहिली. करंगळी उठली, शेजारच्या बोटावर चढली, सावकाश उतरली. तिने उठवली नव्हती. हात तिचा, नखं तिची, हालचाल मात्र भलतीचीच.

तिला काचेवरची फुली आठवली. ती जन्मायच्या आधीच, बाबांच्या शरीरात, धागा नेमका खूण आणि ती जागा यांच्यामध्ये तुटला असणार. खूण आजोबांची, पुढचा तुकडा आजीचा. इतकी वर्षं आजी आत बसून होती, अगदी गुपचूप.

आता थेट तपासणी होते. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरच्या एका रेघेवर बोट ठेवलं. "बसता का जरा?"

"कशाला? दिसतंय मला."

घरी भाऊ बाकावर वाट बघत होता. "काय निघालं?"

"आजी."

तो हसला नाही. अंग सावरत बाकाच्या टोकाला सरकला. "मग ताई, आता भरवायचं कोणी कोणाला?"

"ज्याची बोटं त्या दिवशी ऐकतील त्याने," ती म्हणाली आणि त्याच्याशेजारी बसली.