दाभोळची भरती, थखीराचा चिखल

मालदीव की श्रीलंका, यावर आमच्या घरात दोन महिने चर्चा झाली आणि शेवटी आम्ही इथेच, आखातातल्या अल खोरजवळच्या तिवरांत गेलो. कारण आमची लेक अमीना. ऑगस्टमध्ये ती कॉलेजसाठी पुण्याला जाणार. गेलं वर्षभर कुठेही चला म्हटलं की खोलीतून एकच उत्तर यायचं, "यू गाइज गो, अब्बा." या वेळी, एका सकाळपुरतं का होईना, ती "ओके" म्हणाली. ही सकाळ मला बिघडू द्यायची नव्हती.

तिथल्या थखीराला कयाकच्या सहली निघतात, गाईडसकट, भरतीची वेळ बघून. पण मला गाईड? एसीची दुरुस्ती, इंग्रजी, हा ब्लॉगसुद्धा मी स्वतःचा स्वतः शिकलो. मित्राची हवा भरायची कयाक मागून आणली आणि वेळही मीच काढली. दाभोळच्या खाडीवर वाढलेल्या कुणालाही विचारा : चांदाची तारीख पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. त्या शनिवारी चांदाची बारा, म्हणजे भरती नऊला.

आमच्या वस्तीतून, फरीज बिन ओमरानमधून, उजाडताच निघालो. वाटेत करक चहा आणि अंड्याचा पराठा घ्या, पुढे काही मिळेलच असं नाही. उत्तरेचा रस्ता तासाभराचा आणि गुळगुळीत, शेवटचा तुकडा कच्चा. तिथे टायर जपा.

आणि मग एकदम हिरवं! इतक्या वाळूनंतर डोळ्यांना खरं वाटत नाही. तिवरांच्या मधून पाण्याची गल्ली, पलीकडे उथळात फ्लेमिंगो. अमीनाने फोन बाहेर काढला, मला वाटलं फोटोसाठी.

"अब्बा, ॲप सेज इट्स गोइंग डाउन."

"ॲप कधी दाभोळला गेलंय का? चढतंय पाणी. वल्हं मार."

तिवरांच्या बुंध्यांवर वीतभर ओला पट्टा दिसत होता. पाणी उतरल्याची याहून स्पष्ट खूण नसते. मी तो नीट पाहिला आणि दव आहे असं ठरवलं.

समोरून एक गाईड आपला जथा घेऊन परत येत होता. "भाई, वापस मुडो! पानी उतर रहा है!"

"अभी चढ़ेगा," मी म्हणालो.

"इन्शाल्ला," तो म्हणाला. इतक्या दयाळूपणे मला आजवर कुणी मूर्ख म्हटलेलं नाही.

पुढच्या वळणावर खालून 'खर्र' आवाज आला.

"अहो," माझी बायको शाहीन शांतपणे म्हणाली, "होडी थांबलीय की आपण पोचलो?"

ढकलायला मी खाली उतरलो आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. डावी चप्पल तिथेच राहिली. (पट्ट्यांचे बूट घाला. चप्पल अजिबात नको.) नऊ वाजले. हिशेबाप्रमाणे भरती. आजूबाजूला खेकडे आरामात चालत होते.

"दाभोळकर," शाहीन म्हणाली, "तुमची भरती बहुतेक दाभोळलाच आली."

मी अमीनाकडे बघायचं टाळत होतो. वर्षात एकदा ती आली आणि मी तिला चिखलात आणून बसवलं. ती खाली उतरली, तीही रुतली, आणि तोल जाऊन सरळ माझ्या अंगावर पडली. आम्ही दोघंही आडवे. मग ती हसायला लागली, थांबेचना. शाहीन होडीत बसून व्हिडिओ काढत होती. मदत म्हणून नव्हे, पुरावा म्हणून.

पाणी परत यायला दुपार उलटली. तोवर उरलेला पराठा वाटून खाल्ला, खेकड्यांना नावं दिली. सगळ्यात जाड्याला माझं नाव मिळालं.

तर जायचं असेल तर हिवाळ्यात जा, पाणी भरपूर न्या आणि स्थानिक भरतीचं वेळापत्रक बघा. प्रत्येक किनाऱ्याची भरती वेगळी असते. हे मला माहीत नव्हतं असं नाही, फक्त माझ्या बाबतीत ते लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

गाडीच्या सीटवरचा चिखल अजून निघालेला नाही. काल मी तो घासत असताना अमीना खाली आली. "नेक्स्ट सॅटर्डे परत जायचं?" तिने विचारलं. "पण टाइम मी सांगणार. तू फक्त वल्हं मार."

स्वाभिमानी माणसाने थोडे आढेवेढे घ्यायचे असतात. पण उन्हाळा लागायला आता मोजकेच शनिवार राहिलेत, आणि मग ऑगस्ट. मी लगेच हो म्हणालो आणि सीट तशीच ठेवली.