पाणी आटेपर्यंत

काकांइतका उतावळा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," काकू म्हणायची, "यांच्या बाबतीत ती म्हण नाही, हकिगत आहे." दुसऱ्याचं वाक्यही तेच पुरं करायचे, आणि बहुतेक वेळा चुकीचं. असा माणूस पोलादाच्या कारखान्यात, भट्टी कलंडवायच्या दांड्यावर वीस वर्षं कसा टिकला, हे मला त्या दुपारपर्यंत कळलं नव्हतं.

आमच्या भट्टीचं काम सांगायला सोपं. वितळलेलं लोखंड आत ओतायचं, वरून जाड नळी सोडून ऑक्सिजन फुंकायचा. जास्तीचा कार्बन जळून जातो, उरतं ते पोलाद. मग भट्टी कलंडवून ते खालच्या गाडीवरच्या अगडबंब बादलीत घ्यायचं. ती गाडी माझे बाबा चालवायचे. वर काका, खाली त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे बाबा, आणि नमुने तपासायला प्रयोगशाळेत मी. अर्धं घर एकाच भट्टीवर जगत होतं.

त्या दुपारी मी नमुन्याचा आकडा सांगायला काकांच्या केबिनमध्ये गेले, तेवढ्यात भट्टीच्या तोंडातून पांढरी वाफ उसळली. नळी थंड राहावी म्हणून तिच्यात पाणी फिरतं. ती नळीच फुटली होती. काकांनी पाणी बंद केलं, नळी वर घेतली, भोंगा दिला. पण बरंच पाणी आत गेलं होतं. माणसं पळाली. बाबांना पळता आलं नाही. भट्टीतून उडालेलं लालभडक लोखंड त्यांच्या गाडीच्या केबिनच्या दारातच पडलं होतं.

"काका, कलंडवा ना! सांडून जाऊ दे पाणी!" मी ओरडले. घरचं पातेलं रिकामं करावं, तेवढीच माझी अक्कल चालली.

"वेड लागलंय का? पाणी वर आहे तोवर नुसती वाफ होतेय. भट्टी हलली की ते लोखंडाखाली जाईल आणि सगळं उडेल. मग तू, मी, तुझा बाप, कोणी सापडायचं नाही. आटेपर्यंत गप्प बसायचं."

मग त्यांनी दांड्याजवळची चावी, जिच्याशिवाय दांडा चालत नाही ती, फिरवून काढली आणि माझ्या हातात कोंबली. "मी मला ओळखतो. मी मागितली तरी देऊ नकोस."

दहा मिनिटांनी साहेबांचा फोन आला, शंभर टन पोलाद थिजेल म्हणून. काकांनी तो आपटला. मग बाबांचा आला, तो त्यांनी स्पीकरवर घेतला. भट्टी जरा कलंडवून धोका टळल्याची खात्री झाल्याशिवाय त्यांच्यापर्यंत कोणी उतरणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

"दादा, काच तडकली. भाजतोय मी इथे. काय व्हायचं ते होऊ दे, पण कलंडव!"

काका ताडकन उठले. "दे चावी."

वाफ पातळ झाली होती, पण येत होती.

"नाही."

"अगं, तुझा बाप आहे तो!"

"माहीत आहे मला."

त्यांनी माझं मनगट पिरगाळलं. मी चावी दोन्ही मुठींत आवळून टेबलाखाली शिरले आणि रडत राहिले. स्पीकरवर बाबा "दादा, दादा" करत होते. त्यांच्याकडच्या गोंगाटात आमचं बोलणं त्यांना ऐकू जात नव्हतं, त्यामुळे मी तिथे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तेवढंच बरं, असं मला वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

वाफ थांबल्यावरही मी घड्याळात दहा मिनिटं मोजली, मगच चावी दिली. काकांनी भट्टी बोटबोटभर कलंडवली. काही झालं नाही. लोक खाली धावले. बाबांचे दोन्ही तळहात भाजले होते.

दवाखान्यात काका त्यांच्या पायाशी उभे राहिले. "मी तर तुझं ऐकणार होतो रे. हिनेच चावी दिली नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू होतीस तिथे? माझं बोलणं ऐकत होतीस?"

"हो."

 बाबा म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो, तर दिली असती गं."