तिसऱ्या मजल्याच्या घंटा

ऑफिसात सगळे तिला फणकारी म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. वीस वर्षं नेटवर्कचं काम केलं, पण राग गिळायला काही ती शिकली नाही. आणि का शिकावं, म्हणते मी!

रुग्णालयाच्या दोन इमारती जोडायच्या होत्या. जुन्या इमारतीत खाटेजवळच्या घंटांना मजल्यागणिक व्हीलॅनचे, म्हणजे एकाच जाळ्यातल्या वेगवेगळ्या वाटांचे, नंबर होते: एकवीस, बावीस, तेवीस. नव्या इमारतीत नेमके तेच नंबर बिलाच्या काउंटरांना. म्हणून सकाळी नऊला तिनं मधल्या स्विचवर मॅपिंग घातलं. जुना एकवीस आला की पलीकडे एकशेएकवीस समजायचा, बावीस आला की एकशेबावीस, तसंच पुढं. आजपासून घंटा नव्या इमारतीत, नर्सच्या टेबलावर वाजायच्या. चुकलं तर खाटेवरचं माणूस नुसतंच बटण दाबत बसणार.

"सगळे दिवे हिरवे आहेत," साहेब म्हणाले. "सही करा आणि मोकळ्या व्हा."

"वायर चालू आहे एवढंच दिवा सांगतो. मी खाटेखाटेची घंटा दाबून बघणार."

"छप्पन्न खाटा? डोकं फिरलंय का तुमचं?"

"फिरलंय. सरका!"

सकाळभर तिची नव्या इमारतीतल्या नर्सशी फोनवर बोलत बोलत पायपीट चालली. पहिला मजला वाजला, दुसरा वाजला. तिसऱ्यावर एकही घंटा वाजेना. कुणी हात लावला माझ्या स्विचला, म्हणत साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तिनं लॅपटॉप उघडला. कुणीच लावला नव्हता. तेवीसपुढं एकशेतेवीसऐवजी तिनंच एकशेबत्तीस घातलं होतं. त्या नंबरावर कुणीही नव्हतं.

तिनं ओळ दुरुस्त केली आणि खिडकीजवळच्या आजींची घंटा दाबली. वाजली, नर्सनं फोनवर सांगितलं.

"लागली का गं?" आजी म्हणाल्या. "मी सकाळपासून दाबतेय. म्हटलं, पोरी कामात असतील."

आजींची चादर ओली होती. फणकारीला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. तिनं नर्सला बोलावून घेतलं.

तेवढ्यात साहेब आले. "झालं ना? मग रिपोर्टात पहिल्यापासून चालू लिहा. यांना काय कळतंय?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिथंच उभ्या उभ्या तिनं लिहिलं: नऊ ते साडेअकरा, तिसऱ्या मजल्याच्या सगळ्या घंटा बंद. चूक माझी. खाली सही ठोकली आणि कागद साहेबांच्या हातात कोंबला.

"वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा. आजींना ऐकू गेलं पाहिजे."