डाव्या तळव्यातलं हाड आणि माझे संशयित

"हूक ऑफ हॅमेट मोडलंय," सोलापूरच्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं. म्हणजे तळव्यात करंगळीच्या बाजूला, मनगटाजवळ, आकड्यासारखं पुढं आलेलं एक बारकं हाड. मी आधी डॉक्टरांकडं पाहिलं, मग माझ्या सोळा वर्षांच्या ऋतुजाकडं. दोघांतलं कोण नाटक करतंय, ते मला ठरवायचं होतं.

माझा नाइलाज आहे. बेंबळीच्या अंगणवाडीत वीस वर्षं काढलीत. खाऊ वाटायला घेतला की बरी होणारी पोटदुखी मी लांबून ओळखते.

ऋतुजा सकाळी हॉकी खेळते, संध्याकाळी तबला वाजवते. दोन्ही जीव तोडून. जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आलेली असताना एक दिवस म्हणाली, "आई, डावा हात लई दुखतोय." त्याच आठवड्यात सहामाही परीक्षेचं वेळापत्रक लागलं होतं. शिवाय डावा हात, म्हणजे जेवायला अडचण नाही.

"दुखणं सोयीचं आहे," मी म्हणाले. "लिहायचा हात बरा आहे न्हवं? बस मग अभ्यासाला."

आठ दिवसांनी धाराशिवला एक्स-रे काढला. काही दिसलं नाही. मुका मार आहे, शेका, असं तिथं सांगितलं. परतीच्या एसटीत मी एक शब्द बोलले नाही. माझं गप्प बसणं ही आमच्या घरातली मोठी शिक्षा आहे.

दुखणं मात्र गेलं नाही, तेव्हा मी संशयितांची यादी वाढवली. तबल्याचे गुरुजी म्हणाले, "ताई, ती हॉकी सोडवा. पोरीचा हात कलेचा आहे." हॉकीचे सर म्हणाले, "तबला बंद करा, मनगट कामातून जाईल." दोघांनी इतक्या तत्परतेनं एकमेकांकडं बोट दाखवलं, की मला दोघंही सामील वाटले. शेवटी पोरीलाच दरडावलं, "दोन्हीतलं एक सोड. कोणतं ते सांग."

दोन दिवस ती विचार करत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सहामाही सोडली तर चालंल का?"

मग एका सकाळी दुधाचा तांब्या तिच्या डाव्या हातातून सुटला. करंगळी बधिर झाली होती. ती रडली नाही. ते बोट दुसऱ्या कुणाचं असावं तशी त्याच्याकडं बघत राहिली. असं बघणं नाटकात जमत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सोलापूर गाठलं.

डॉक्टरांनी तळव्यात एका जागी अंगठा दाबला आणि ती कळवळली. साध्या एक्स-रेत हे हाड दुसऱ्या हाडांच्या आड लपतं, म्हणून सीटी स्कॅन, म्हणजे हाडाचे पातळ काप करून पाहावेत तशी चित्रं. बाहेरच्या बाकावर शेजारच्या बाईला मी हळूच विचारलं, "तुम्हालाबी हाच स्कॅन सांगितला का?" तिनं मान डोलावली. माझा संशय पक्का झाला, आणि तेवढ्यात आम्हाला आत बोलावलं.

पडद्यावर हाड मोडलेलं मलाही दिसत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "स्टिक आणली आहे?" आणली होती, तिच्याशिवाय पोरगी गावाबाहेर जात नाही. त्यांनी ती धरायला लावली. वरचं टोक नेमकं त्या हाडावर रुतत होतं. मग टेबलावर तबला वाजवायला सांगितलं. डाव्या हातानं डग्ग्याचा घुमारा काढताना तळवा त्याच जागी दाबला जात होता.

"तबल्यानं दुखणं वाढलं असेल. मोडलंय ते या टोकानं," डॉक्टर म्हणाले. "पण हे टोक कापलंय कुणी?"

स्टिक तिच्या मावसभावाची होती, तिला चार बोटं जास्तच लांब. गणवेश आखूड करावा तशी मी ती गावच्या सुताराकडून कापून आणली होती. माझ्या यादीत एवढं एकच नाव नव्हतं.

"आईनं," ऋतुजा म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "पर मायेनं कापलीय."

सहा आठवडे प्लास्टर. नाही जुळलं तर ऑपरेशन करून तुकडा काढायचा. तोवर हॉकी बंद, तबला बंद. निवड गेलीच.

पुढच्याच आठवड्यात ती पहाटे हळूच बाहेर पडू लागली. प्लास्टर काढून खेळत असणार, मी ताडलं. एके दिवशी पाठोपाठ गेले आणि शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं लपले. ती रिकाम्या हातानं मैदानाला फेऱ्या मारत होती आणि पावलांच्या ठेक्यावर तोंडानं तबल्याचे बोल म्हणत होती. दम लागला तरी समेवर आल्याशिवाय थांबत नव्हती.

"ताई, पुढं या," सरांनी लांबूनच हाक दिली. "टाकीमागं विंचू असतात."

सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन झाला. हाड जुळत आलं होतं. हळूहळू दोन्ही सुरू करा, पण स्टिक मापाची घ्या, असं डॉक्टर म्हणाले. ऋतुजा उठेना.

"आई, आताबी दोन्हीतलं एक सोडायचं हाय का?"

"न्हाय," मी म्हणाले. मग मापाची स्टिक कुठं मिळेल, ते डॉक्टरांनाच विचारलं.

कुणाच्या लेकराचा हात असा दुखत असेल आणि एक्स-रेत काही दिसत नसेल, तर तो हात जी वस्तू धरतो ती डॉक्टरांना दाखवा. त्या वस्तूत तुम्ही काही सुधारणा केली असेल, तर तेही सांगा. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला एका शब्दानं टोकलं नाही, याचे उपकार मी विसरणार नाही.

सकाळी मी अजूनही मैदानावर जाते. आता तिला दिसेल अशा जागी बसते.