उन्हात पुसलेली चिप

आप्पा कांबळे घरातून बाहेर पडले की आधी आभाळाकडे बघायचे आणि ढग दिसला नाही की खूश व्हायचे. दुष्काळाच्या त्या वर्षांत अख्ख्या उस्मानाबादेत कोरडं आभाळ बघून हसणारा हा एकच माणूस असावा.

ते आमच्या सहकारी सूतगिरणीत इलेक्ट्रिशियन, मी तिथेच कारकून. राहायला भिंतीला भिंत लागून. हौशी रेडिओचे संच जुळवायचा त्यांना भारी नाद. संचातल्या चिपेत संदेशाचे सूर भरायला एक यंत्र लागतं आणि ते आमच्यासारख्यांना परवडणारं नव्हतं. आप्पांनी लाकडी पाटावर आठ बटणं ठोकली, ट्रान्झिस्टरच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, झालं यंत्र. त्यांची बायको सुलाबाई सुरांचे आकडे लिहिलेल्या वहीतली ओळ वाचायची, शून्य, एक, एक, शून्य. आप्पा तशी बटणं वरखाली करून कळ दाबायचे. अशा शेकडो ओळी. भरलेल्या चिपेच्या काचेला ऊन लागू नये म्हणून वर काळी पट्टी चिकटवलेली असे; चुकलं तर पट्टी सोलून चिप आठवडाभर पत्र्यावर ठेवायची. भरलेलं सगळं उन्हानं पुसलं जाई.

"पाणी न्हाय तर न्हाय," ते म्हणायचे, "ऊन तर लई हाय की आपल्याकडं."

शेवटच्या चिपेत सुलाबाईंनी एक ओळ चुकून दोनदा वाचली. संच लावला की मध्येच एक सूर लांबायचा. पुढच्या आठवड्यात पुसू असं ठरलं आणि त्याआधीच काविळीनं त्या गेल्या. मग आप्पांनी ती चिप पुसलीच नाही. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून सूर यायचे आणि एका जागी लांबायचे. मला वाटायचं, वहिनी अजून आत बसल्या आहेत आणि त्यांचं बोट त्याच ओळीवर अडकलंय.

एकदा आप्पा पंधरा दिवस बहिणीकडे तामलवाडीला गेले. जाताना चिपांचा डबा माझ्याकडे देऊन रोज उन्हात ठेवायला सांगून गेले. त्यात एकीवर पट्टी तशीच होती. घाईत राहिली असेल, म्हणून मी ती सोलली आणि बाकीच्यांबरोबर पत्र्यावर ठेवली. आपण त्यांचं एक काम वाचवलं, असंही वाटलं.

परत आल्यावर त्यांनी संच लावला तर आवाजच नाही. मी काय केलं ते सांगितलं. पट्टी असलेली ती वहिनींचीच चिप होती, जपायला म्हणून त्यांनी जाताना संचातून काढून डब्यात ठेवलेली. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. शेवटी मीच म्हटलं, वही आहे, मी वाचते. सुट्टीची सगळी दुपार वाचत बसले. त्या ओळीपाशी आले आणि वहिनींसारखीच दोनदा वाचली. आप्पांनी दोनदा कळ दाबली.

सूर आले. बरोबर तिथेच लांबले. माझा जीव भांड्यात पडला. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं, संच बंद केला आणि हळूच म्हणाले, "बाई, तुमी मुद्दाम चुकलात. ती खरंच चुकली व्हती."

आप्पांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या दुपारनंतर पलीकडून पुन्हा कधी सूर आला नाही. मी मात्र संध्याकाळी भिंतीजवळ उभी राहते.